दोन शिट्ट्या

या सदरात लिहिणाऱ्यांना मी आजवर मनातल्या मनात बरंच काही बोललेली आहे. कुणाला झाडाखाली बाई दिसते, कुणाच्या घरात भांडी आपोआप वाजतात... मी आठवी-नववीला गणित शिकवते, सव्वीस वर्षं झाली. ‘मॅडम, उत्तर असंच आलं’ म्हणणाऱ्या पोरांना मी फळ्याजवळ उभं करून पायऱ्या विचारते. आणि आज मीच पायऱ्या नसलेलं उत्तर घेऊन आलेय. हसायचं असेल तर हसा. पण यात वाईट वागलेलं कुणी असेल तर ती मी आहे, एवढं आधीच सांगून ठेवते.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. दुसरा मजला, लिफ्ट नाही. मी, आमचे हे, आणि माझे सासरे – आण्णा. मुलगी मिनू पुण्यात नोकरीला. आण्णा रेल्वेत गार्ड होते, सगळी नोकरी कुर्डुवाडीत झाली. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना इकडं आणलं तेव्हा सामान काय, तर एक ट्रंक, एक स्टीलची शिट्टी आणि एक तांबडा कुत्रा. कुत्र्याचं नाव पण गार्डच. डावा कान अर्धा फाटलेला. दिवसभर आण्णांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून बसायचा, त्यामुळं आण्णांच्या प्रत्येक पायजम्याला गुडघ्यावर लाळेचा डाग. धुवून धुवून माझे हात मोडायचे.

आता एक सांगते, ते नीट वाचा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आण्णांनी या कुत्र्याला रेल्वेची शिस्त लावली होती. तळहात पुढं करून ‘लाल’ म्हटलं की गार्ड जिथं असेल तिथं बसायचा. आणि दोन शिट्ट्या दिल्याशिवाय उठायचा नाही. पुढ्यात मटण ठेवा, मांजर सोडा, नाही म्हणजे नाही. घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला आण्णा हा खेळ करून दाखवायचे. आणि त्यांचा एक नियम होता – ज्यानं लाल दिला, हिरवा म्हणजे त्या दोन शिट्ट्या त्यानंच द्यायच्या. मिनू लहानपणी लाल देऊन खेळायला पळून गेली, तर आण्णांनी स्वतः शिट्टी दिली नाही, तिला मैदानातून कान धरून आणलं. “गाडी उभी करून गार्ड घरी गेला तर चालंल व्हय?” म्हणाले. शिट्टी दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असायची.

गार्ड म्हातारा झाला. जिन्यात घाण व्हायला लागली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा नोटीस लावली, खालच्या वहिनींनी बोलणं सोडलं. मी शाळेतून दमून यायची आणि आधी जिना पुसायची. चिडायची. आण्णांना घालून-पाडून बोलायची. ते खाली बघून ऐकून घ्यायचे आणि कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत राहायचे.

मग दोन वर्षांपूर्वी आण्णांना अर्धांगाचा हलका झटका आला. अकरा दिवस दवाखान्यात होते. त्या अकरा दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी मी गार्डला गाडीत घातलं आणि उजनीच्या काठच्या एका गावात नेऊन सोडलं. माझा एक जुना विद्यार्थी, दत्ता, तिथं केळी करतो. चांगला मुलगा. “मॅडम, ठेवा की, मोकळं रान हाय, मजेत ऱ्हाईल,” म्हणाला. मी पट्टा, वाडगं, गोधडी सगळं आठवणीनं नेलं होतं. निघताना गार्ड गाडीमागं पळायला लागला. म्हातारा, धापा टाकत. मला पुढचं बघवेना, म्हणून मी खाली उतरले, तळहात पुढं केला आणि म्हणाले – लाल.

बसला बिचारा. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीजवळ, लिंबाच्या झाडाखाली. आरशात दिसत होता वळणापर्यंत.

टेंभुर्णीला आल्यावर माझ्या डोक्यात आलं की शिट्टी घरी खिळ्याला आहे. आणि मी वळले नाही. पेपर तपासायचे होते, दवाखान्यात डबा न्यायचा होता... सगळी कारणं खरी होती. कुत्रंच ते, भूक लागली की उठेल, असं म्हणाले आणि गाडी पळवली.

तिसऱ्या दिवशी दत्ताचा फोन. मी स्टाफरूममध्ये होते. “मॅडम, कुत्रं जागचं हलंना की ओ. भाकरी टाकली तर हुंगत बी न्हाय. उचलून गोठ्यात नेलं तर सरपटत परत तितंच जाऊन बसलं. काय करू?” त्या क्षणी मला काय करायचं ते शंभर टक्के माहीत होतं. समोर पीटीच्या सरांची शिट्टी टांगलेली होती, हात लांबवला असता तर मिळाली असती. दत्ताला म्हणायचं, फोन त्याच्या कानाशी धर, आणि दोनदा वाजवायची. बास. पण स्टाफरूममध्ये सात-आठ जण चहा पीत होते. मी फोनमध्ये शिट्टी वाजवतेय हे बघून काय म्हणतील... मला लाज वाटली. “होईल सवय,” म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर त्याचे दोन फोन येऊन गेले, ते मी घेतले नाहीत. मग मेसेज आला – ‘मॅडम कुत्रं गेलं. लिंबाखालीच पुरलं.’ मी तो पुसून टाकला.

आण्णा घरी आल्यावर मी सांगितलं की दार उघडं राहिलं, गार्ड पळून गेला. त्यांनी एवढंच विचारलं, “दारातनं? शिट्टीबिगर?” मी हो म्हणाले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, खिळ्यावरची शिट्टी काढून खिशात घातली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. डॉक्टरांनी हिंडायला सांगितलं होतं तरी आण्णा हळूहळू खुर्चीतून उठेनासेच झाले. आंघोळ, जेवण, औषधं, सगळं माझ्यावर. आणि मी पुन्हा चिडायला लागले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मिनूनं फोन केला. तिनं एक कुत्री दत्तक घेतली होती, तिचं नाव चटणी. आण्णांना सांगितलं तर दोन वर्षांत पहिल्यांदा हसले. “कुत्र्याचं नाव चटणी ठेवतंय व्हय कुणी? सोलापूरचं नाव काढलं पोरीनं!” मिनूनं डोंगरात एक पेट फ्रेंडली गेस्ट हाऊस बुक केलं होतं, सगळ्यांनी शुक्रवार ते रविवार जायचं. नाव मुद्दाम देत नाही, लोक भले आहेत. पाचगणीच्या पुढं, मोठा रस्ता सोडून साडेचार किलोमीटर आत. जांभ्या दगडाच्या सहा खोल्या, पुढं हिरवळ, लाकडी फाटक, फाटकाशी एक बाक, आणि पलीकडं सगळी दरी. इतकं शांत की आमच्या ह्यांचं घोरणं तिथं शेजारच्या खोलीत ऐकू गेलं.

आता माझ्या पोटातलं दुसरं पाप. वाईजवळ एक वृद्धाश्रम आहे, स्वच्छ, नर्स वगैरे असलेला. मी फोनवर सगळं ठरवलं होतं. मिनू रविवारी सकाळी पुण्याला निघाली की आम्ही वाईला थांबून आण्णांना तिथं ठेवायचं. कायमचं. मिनूला सांगितलं नव्हतं. आण्णांना सांगितलं होतं की थोडे दिवस हवापालट. आमचे हे म्हणाले, “तू ठरवशील ते.” आयुष्यभर हेच म्हणत आलेत. मी आण्णांचे सगळे कपडे भरले, स्वेटर, फाइल, सासूबाईंचा फोटोसुद्धा. मोठी बॅग झाली. आण्णांनी बॅगेकडं बघितलं. जाताना हे म्हणत होते पुणे रोडनं जाऊ, रस्ता चांगला आहे. मी हट्टानं नातेपुत्याचा रस्ता घ्यायला लावला. टेंभुर्णीवरून मला जायचं नव्हतं.

शुक्रवारी चारच्या सुमारास पोचलो. मिनू आधीच आली होती. तिथली व्यवस्था बघणाऱ्या पारूबाई, पन्नाशीच्या, खणखणीत आवाजाच्या, डोंगराखालच्या वाडीतल्या. त्यांची पद्धत अशी की पाहुण्यांना चहा देण्याआधी कुत्र्यांना पाणी. त्यांनी आमच्या दारात दोन वाडगी आणून ठेवली.

मी म्हटलं, “पारूबाई, एकच आहे हो. ही चटणी.”

“अन् ते म्हातारं?”

“कोणतं म्हातारं?”

“तुमच्या गाडीसंगं आलेलं. तांबडं, कान फाटलेलं. फाटकाशी बसलंय की कवाचं. किती यू यू केलं, उठंचना.”

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. शेंगाचटणीचा डबा उघडला, सगळी चटणी फरशीवर. मी पळत फाटकापर्यंत गेले. कुणी नव्हतं. मी दरीत वाकून बघितलं, रस्त्यावर बघितलं. मग परत येताना स्वतःलाच रागावले – वाडीतलं एखादं कुत्रं असेल, तांबडी कुत्री काय कमी आहेत महाराष्ट्रात? कान सगळ्यांचेच फाटतात भांडणात. ते वाडगं मात्र मी उचलून ठेवायला सांगितलं. पारूबाई म्हणाल्या, “पाणी कुणाला नको म्हनू नये, ताई.” आणि वाडगं फाटकाशी नेऊन ठेवलं.

शनिवारी सकाळी सात वाजता मी एकटीच बाहेर आले. चांगलं उजाडलं होतं. हिरवळीवर इतकं दव पडलेलं की चपला भिजल्या. आणि फाटकाशी, बाकाच्या बाजूला, एक जागा कोरडी. लांबट गोल, कडा स्पष्ट. मी वीत टाकून मोजली – साडेतीन वीत लांब, दोन वीत रुंद. वर झाड नाही, छप्पर नाही. गणिताची बाई आहे म्हणून सांगते, मी दुसरीकडंही शोधलं, अख्ख्या हिरवळीवर तशी दुसरी जागा नव्हती. हात लावला तर गवत दबलेलं, आणि थोडं कोमट. कोमट होतं म्हणजे मला तसं वाटलं. शपथेवर नाही सांगणार.

दिवसभर चटणीनं मला छळलं. एरवी ती पोरगी वारं प्यायल्यासारखी पळायची, पण फाटकाकडं गेली की हळू व्हायची, आपला चेंडू तिथं नेऊन ठेवायची आणि समोर बसून वाट बघायची. चार वेळा तरी केलं असेल. मिनूला गंमत वाटली, तिनं व्हिडिओ काढला. व्हिडिओत चटणी आणि चेंडू सोडून काही नाही, मी तीसेक वेळा बघितलाय. आण्णा बाकावर बसून ते बघत होते. मी म्हटलं, “आण्णा, ऊन लागतंय, आत चला.” ते म्हणाले, “बसू दे की जरा. बरं वाटतंय हितं.”

मी पारूबाईंना स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, ते कुत्रं अजून आहे का? त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, “हाय की. काय धन्यानं मारलंय का काय त्याला? असं बघतंय जसं कुणी बसवून गेलंय.” त्यांना काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. माहीत फक्त मला होतं आणि दत्ताला. दत्ता कशाला पाचगणीला येतो सांगायला? मी तिथंच स्टुलावर बसले. दुपारी जेवण गेलं नाही. ह्यांना सांगावं असं दहा वेळा मनात आलं आणि दहा वेळा वाटलं, काय सांगू? मी कुत्रं मारलं, हे सांगू?

रविवारी सकाळी नऊला मिनू चटणीला घेऊन पुण्याला गेली. जाताना आण्णांच्या गळ्यात पडली, “आजोबा, डिसेंबरमध्ये सोलापूरला येते.” आण्णा म्हणाले, “ये. मी जितं असंन तितं ये.” मिनूला कळलं नाही. मला कळलं.

आमचं सामान गाडीत गेलं. आण्णांची मोठी बॅग वेगळी, वरच ठेवली, म्हणजे वाईला पटकन काढता येईल. ह्यांना गाडी मागच्या बाजूनं वळवून आणायची होती. मी आण्णांना धरून फाटकाशी नेलं, बाकावर बसवलं. आजूबाजूला दव होतं आणि त्यांच्या पायाशी ती जागा कोरडीच होती. मी तिकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. म्हटलं, “आण्णा, तुम्ही इथंच बसा. हलू नका. आम्ही आलोच.”

आणि म्हणताना माझा तळहात पुढं झाला.

मी मुद्दाम नाही केलं हो. देवाशप्पथ नाही केलं. वर्गात पोरांना गप्प बसवताना होतो तसा हात झाला. आण्णांनी हाताकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं.

“लाल दिलास व्हय, शैला?” ते म्हणाले. “दे. अन् हिरवा कोण देणार?”

मी त्या ओल्या गवतात त्यांच्यासमोर बसले आणि भडाभडा सगळं बोलले. दत्ताचं शेत, लिंबाचं झाड, टेंभुर्णीहून न वळणं, स्टाफरूम, घेतले नाहीत ते फोन, पुसलेला मेसेज. आणि वाई. मोठ्या बॅगेत सगळे कपडे का आहेत ते. रडत होते, नाक वाहत होतं, पदराचं भान नव्हतं. आण्णांनी मधे एकदाही तोडलं नाही.

शेवटी म्हणाले, “ठाऊक हाय. माझा गार्ड शिट्टीबिगर उंबरा वलांडत न्हाय, हे मला ठाऊक न्हाय व्हय? म्हनलं, कवा तरी सांगशील. दोन वर्षं वाट बघितली.” त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “किती दिवस बसला?”

“सात... आठ,” मी म्हटलं.

आण्णांनी डोळे मिटले. पलीकडं ह्यांनी गाडी आणून उभी केली, आमच्याकडं बघितलं आणि इंजिन बंद केलं. आण्णांनी डाव्या हातानं खिशातली शिट्टी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

“मी न्हाय वाजवणार. लाल तू दिलास.”

पहिल्यांदा नुसती हवाच गेली. मग वाजवली. एक. दोन.

काही झालं नाही. म्हणजे मला काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. दरीतून शिट्टी परत आली तेवढीच. पण स्वयंपाकघराच्या दारात पारूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. आमच्यातलं एक अक्षर त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं, एवढं अंतर होतं. त्या तिथून ओरडल्या, “उठलं गं बाई एकदाचं! आलं बघा तुमच्याकडं!”

मी हात पुढं केला. गवतावर, त्या कोरड्या जागेच्या वर, तळहात उलटा करून, जसं कुत्र्याला बोलावतात तसा. किती वेळ धरला माहीत नाही. माझ्या हाताला काही लागलं नाही. माझ्याकडं काही आलं नाही.

मग आण्णांकडं बघितलं. ते खाली मान घालून आपल्याच मांडीकडं बघत होते आणि त्यांच्या तोंडावर... मी ते सांगू शकत नाही. त्यांच्या पायजम्याला, डाव्या गुडघ्यावर, ओला डाग होता. पेल्याच्या तोंडाएवढा. पायजमा मी सकाळी स्वतः त्यांना घातला होता, इस्त्रीचा, कोरडा. चहा त्यांनी आत प्यायला होता. आण्णांनी डागावर हात ठेवला आणि म्हणाले, “चला घरी.”

वाईत आम्ही थांबलो नाही. मी गाडीतूनच फोन करून नको म्हणून सांगितलं. हे नातेपुत्याकडं वळायला लागले तर मीच म्हटलं, टेंभुर्णीवरून चला. लांब पडतं तरी चला. दत्तानं आम्हाला लिंबाखाली नेलं. तो मला एक शब्द वाईट बोलला नाही, “मॅडम, मी फोन केलते की,” एवढंच म्हणाला. आण्णा तिथं अर्धा तास बसले. मी लांब उभी होते, जवळ जायची हिंमत झाली नाही.

तुम्ही विचाराल, मी पण विचारलंय. दव एका जागी का पडलं नाही, हे आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं, ते म्हणाले खाली दगड असेल. असेल. पारूबाईंना मी नंतर फोन केला, त्या म्हणाल्या, तुमी गेल्यापासून ते कुत्रं दिसलं न्हाय, आन् आमच्या वाडीत तसलं कुणाकडं न्हाय. डागाचं कुणाकडंच उत्तर नाही. पायजमा दोनदा धुतला, डाग निघाला. तो निघायला नको होता असं वाटून मी मोरीत रडले, हे ह्यांनासुद्धा माहीत नाही.

आण्णांनी मला माफ केलं का? माहीत नाही. विचारलं नाही. त्यांचा पाय अजून नीट नाही, अजून चहा सांडतो, गिझर चालू राहतो आणि मी अजून ओरडते. स्वभाव काही डोंगरात राहत नाही. पण शिट्टी त्यांनी परत घेतली नाही. आता ती माझ्या पर्समध्ये असते.

सकाळी मी शाळेला निघते तेव्हा आण्णा गॅलरीत खुर्चीवर बसतात. दुपारी दीडला मी परत येते. खाली फाटकात उभी राहते आणि वर बघून दोन शिट्ट्या वाजवते. पहिल्या दिवशी वॉचमन हसला, सेक्रेटरी बाहेर येऊन बघून गेले, खालच्या वहिनी पडदा सारून बघतात ते रोजचंच आहे. बघू देत. वर आण्णा खुर्चीचा हात धरून हळूहळू उठतात, कठड्याशी येतात, आणि मग मी जिना चढते.

एवढंच करायचं होतं तेव्हा.